पुनःस्थापनेचा पेनड्राइव्ह : निवड, निर्मिती आणि निगा

दप्तर जपण्याची चिंता आपल्याकडे नवीन नाही. लाल कापडाच्या बस्त्यात बांधलेल्या कागदांना वाळवी, ओल आणि आग यांचे भय असे, आणि त्या दृष्टीने दप्तरखान्यात आवश्यक ती दक्षता घेण्यात येत असे. आज कार्यालयांचे, शाळांचे, दुकानांचे, किंबहुना घरांचेही बरेचसे दप्तर संगणकात गेले आहे. दुकानदाराची खातेवही, सहकारी संस्थेची सभासद-यादी, शिक्षकांच्या प्रश्नपत्रिका, कुटुंबातील छायाचित्रे अशी नाना प्रकारची सामग्री संगणकाच्या डिस्कवर साठलेली असते. सकाळी संगणक सुरू केला आणि पडद्यावर नेहमीच्या चित्राऐवजी निळी किंवा काळी चौकट येऊन तो तेथेच थांबला, तर हे सारे दप्तर जागेवर असूनही हाती लागत नाही. अशा वेळी उपयोगी पडणारे एक साधे व स्वस्त साधन म्हणजे संगणक सुरू करू शकणारा पेनड्राइव्ह होय. संगणकाच्या व्यवहारात याला रिकव्हरी ड्राइव्ह असे म्हणतात. त्याची निवड कशी करावी, तो कसा तयार करावा आणि त्याची निगा कशी राखावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९ जुलै २०२४ चा धडा

या साधनाचे महत्त्व एका अलीकडच्या घटनेवरून चांगले ध्यानात येते. १९ जुलै २०२४ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा-प्रणालीसाठी एक सुधारणा जगभरच्या संगणकांकडे पाठविली. या सुधारणेत दोष होता. ज्या विंडोज संगणकांनी ती स्वीकारली, ते निळा पडदा दाखवून बंद पडू लागले आणि पुन्हा सुरू केले असता पुन्हा त्याच ठिकाणी अडू लागले. कंपनीच्या ध्यानात चूक आली व ७८ मिनिटांत दोषयुक्त सुधारणा मागे घेण्यात आली. परंतु तोपर्यंत, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले होते. विमानसेवा, रुग्णालये आणि बँका यांच्या कामात जगभर व्यत्यय आला. आपल्या देशातही काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची वेळ आली.

या प्रसंगातील विचार करण्याजोगी बाब अशी की, दुरुस्ती अगदी किरकोळ होती. एक दोषयुक्त फाइल काढून टाकली की संगणक पूर्ववत चालू लागत असे. दोष मागे घेतल्यानंतर नवी, शुद्ध फाइलही उपलब्ध होती. परंतु जो संगणक सुरूच होत नाही, तो जाळ्यावरून आलेली दुरुस्ती स्वीकारणार कशी? बहुसंख्य ठिकाणी माणसाला प्रत्येक यंत्रापाशी जाऊन हाताने काम करावे लागले. या कामासाठी मायक्रोसॉफ्टने लगोलग एक साधन प्रसिद्ध केले. त्याच्या साहाय्याने पेनड्राइव्ह तयार करावयाचा, तो बंद पडलेल्या संगणकाला लावावयाचा, संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावयाचा आणि ती फाइल काढून टाकावयाची, अशी ती रीत होती. त्यासाठी अवघ्या १ जीबी क्षमतेचा पेनड्राइव्ह पुरेसा होता.

आतून कुलूप लागलेल्या खोलीचे दार बाहेरून उघडण्यासाठी जशी दुसरी किल्ली लागते, तसेच हे आहे. ही दुसरी किल्ली दार बंद होण्यापूर्वी करून ठेवलेली असावी, हे ओघानेच आले.

दोन गोष्टींतील भेद

येथे प्रारंभीच एक भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे, कारण या बाबतीत अनेकांचा गोंधळ होतो. बॅकअप म्हणजे आपल्या सामग्रीची राखीव प्रत. रिकव्हरी पेनड्राइव्ह म्हणजे संगणक बाहेरून सुरू करून त्याची दुरुस्ती करण्याचे किंवा ती राखीव प्रत परत डिस्कवर आणण्याचे साधन. पहिले धान्याचे कोठार, तर दुसरी त्या कोठाराची किल्ली. विंडोजमध्ये तयार होणाऱ्या रिकव्हरी ड्राइव्हमध्ये आपली पत्रे, हिशेब किंवा छायाचित्रे यांपैकी काहीही साठविले जात नाही. उलट, त्यातील ‘ड्राइव्हवरून पूर्ववत करा’ हा पर्याय वापरल्यास ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने बसविली जाते आणि डिस्कवरील वैयक्तिक फाइली व नंतर बसविलेले प्रोग्रॅम पुसले जातात. म्हणून आपल्या फाइलींची प्रत स्वतंत्रपणे, वेगळ्या बाह्य डिस्कवर, नियमितपणे घेतलेली असली पाहिजे. या दोन्ही गोष्टी जवळ असतील तरच आपत्काळी पूर्ण उपाय होऊ शकतो.

पेनड्राइव्हची जडणघडण

हे साधन कसे बनते व कसे चालते याची थोडी माहिती असल्यास निवड करणे सोपे जाते. पेनड्राइव्हच्या पोटात असणारी फ्लॅश मेमरी ही जपानमधील तोशिबा कंपनीतील शास्त्रज्ञ फुजिओ मासुओका यांच्या संशोधनातून पुढे आली. तिचा पहिला प्रकार १९८४ मध्ये आणि आज पेनड्राइव्हमध्ये वापरला जाणारा नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे मांडण्यात आला. ही मेमरी संगणकाला जोडणारी यूएसबी ही पद्धती १९९६ मध्ये अवतरली. तिच्या निर्मितीत इंटेल कंपनीतील अजय भट्ट यांचा प्रमुख वाटा आहे. भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत. या दोहोंचा संगम होऊन २००० मध्ये पेनड्राइव्ह बाजारात आला. त्या वर्षी अमेरिकेत विकल्या गेलेल्या अशा एका ड्राइव्हची क्षमता ८ एमबी होती. आज ती हास्यास्पद वाटेल, परंतु १.४४ एमबीच्या फ्लॉपीच्या तुलनेत ती पाचपटींहून अधिक होती.

संगणक बाहेरून सुरू करण्याची कल्पना मात्र पेनड्राइव्हहून जुनी आहे. विंडोज ९५ व ९८ च्या काळात याच कामासाठी एक ‘स्टार्टअप’ फ्लॉपी करून ठेवीत. पुढे तिची जागा सीडीने व डीव्हीडीने घेतली. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये सीडी घालण्याची सोयच उरलेली नाही. त्यामुळे हे काम आता पेनड्राइव्हकडे आले आहे.

फ्लॅश मेमरीत माहिती विद्युतभाराच्या रूपाने अतिसूक्ष्म कप्प्यांत साठविली जाते. या कप्प्यांवर लिहिणे व पुसणे ही क्रिया ठरावीक मर्यादेपर्यंतच करता येते. मर्यादा संपत आली म्हणजे कप्पे थकतात. त्याखेरीज, वीजपुरवठा नसताना पडून राहिलेल्या पेनड्राइव्हमधील भार कालांतराने हळूहळू झिरपतो. उष्णतेने ही क्रिया अधिक वेगाने होते. यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, महत्त्वाच्या सामग्रीची एकमेव प्रत पेनड्राइव्हवर ठेवून निर्धास्त राहणे योग्य नाही. दोन, रिकव्हरी पेनड्राइव्ह एकदा करून कायमचा कपाटात टाकण्याजोगा नसतो. त्याची अधूनमधून तपासणी झाली पाहिजे. एरवी या कामात लिहिणे एकदाच आणि वाचणे क्वचित, असा प्रकार असल्याने कप्पे थकण्याचा संभव फार कमी. या दृष्टीने साधा पण प्रामाणिक पेनड्राइव्ह या कामास सर्वस्वी योग्य ठरतो.

क्षमता किती असावी?

बाजारात १२८, २५६ जीबी अशा वाढत्या क्षमतेचे पेनड्राइव्ह मिळतात आणि ‘मोठा तो चांगला’ अशी ग्राहकाची समजूत असते. प्रस्तुत कामासाठी ती खरी नाही. विंडोज नव्याने बसविण्याचे माध्यम तयार करण्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या साधनाला किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो. सिस्टिम फाइलींसह रिकव्हरी ड्राइव्ह करावयाचा असल्यास किमान १६ जीबीची शिफारस करण्यात येते. क्लोनझिला या, तैवानमध्ये विकसित झालेल्या विनामूल्य साधनाला तर १ जीबीही पुष्कळ होते.

खरेदी करताना आणखी एक बाब विचारात घ्यावी. उत्पादक १ जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, तर विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे १६ जीबीचा पेनड्राइव्ह पडद्यावर सुमारे १४.९ जीबीचा व ३२ जीबीचा सुमारे २९.८ जीबीचा दिसतो. यात फसवणूक नसते. परंतु अगदी काठोकाठ क्षमतेचा ड्राइव्ह घेतल्यास ऐनवेळी जागा अपुरी पडते. हे सर्व ध्यानात घेता ३२ जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेक सर्वांस पुरेसा व सोयीचा आहे. याहून मोठा ड्राइव्ह घेतल्यास तो चालत नाही असे नाही. तथापि या कामासाठी त्यावर फॅट-३२ या पद्धतीची मांडणी करावी लागते आणि विंडोजची नेहमीची साधने ती मांडणी बहुधा ३२ जीबीपुरतीच करतात. उरलेली जागा व तिच्यासाठी मोजलेले पैसे वाया जातात.

वेग आणि जोडणी

यूएसबीची दुसरी आवृत्ती २००० मध्ये व तिसरी २००८ मध्ये आली. दुसऱ्या आवृत्तीचा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, तर तिसरीचा ५ गिगाबिट आहे. हे आकडे जोडणीचे झाले. प्रत्यक्ष पेनड्राइव्हचा वेग आतील मेमरीवर अवलंबून असतो व तो पुष्कळच कमी असू शकतो. सेकंदाला ८ एमबी लिहिणाऱ्या ड्राइव्हवर १६ जीबी लिहावयास सुमारे ३३ मिनिटे लागतील. सेकंदाला १०० एमबी लिहिणाऱ्यावर तेच काम तीन मिनिटांच्या आत होईल. पाकिटावर ठळकपणे छापलेला वेग बहुधा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नव्हे, हेही पाहून घ्यावे. आपत्काळात वाचण्याचा वेग महत्त्वाचा असल्याने तिसऱ्या आवृत्तीचा मध्यम प्रतीचा ड्राइव्ह घेणे हितावह आहे. तो जुन्या, दुसऱ्या आवृत्तीच्या खाचेतही चालतो, मात्र तेथे वेग कमी मिळतो. सर्वाधिक वेगाच्या महागड्या ड्राइव्हची या कामाला गरज नाही.

वेगापेक्षा जोडणीचा आकार अधिक महत्त्वाचा आहे. जुन्या संगणकांत रुंद, चौकोनी अशी ए-प्रकारची खाच असते. नव्या काही लॅपटॉपमध्ये केवळ लहान, लंबगोल अशी सी-प्रकारची खाच असते. दोन्ही टोके असलेले पेनड्राइव्ह मिळतात. घरात किंवा कार्यालयात निरनिराळ्या वयाचे संगणक असल्यास असा ड्राइव्ह घ्यावा. तद्वतच, राखीव प्रत बाह्य डिस्कवर असेल तर पुनःस्थापनेच्या वेळी पेनड्राइव्ह आणि ती डिस्क अशा दोन वस्तू एकाच वेळी लावाव्या लागतात. डेस्कटॉप संगणकास कीबोर्ड व माउसही लागतोच. आपल्या यंत्रात तितक्या खाचा आहेत की नाहीत, हे अगोदर मोजून ठेवावे. नसल्यास एक साधा हब पेनड्राइव्हसोबत ठेवावा.

बनावट मालापासून सावधगिरी

पेनड्राइव्हच्या बाजारात बनावट मालाचा सुळसुळाट आहे. काही ड्राइव्हच्या आतील नियंत्रक खोटी क्षमता सांगेल अशी योजना केलेली असते. आत ८ जीबीची मेमरी असताना संगणकाला ती ६४ जीबी भासते. ग्राहक फाइली भरत जातो, त्यांची नावेही दिसत राहतात. परंतु खऱ्या मर्यादेपलीकडे लिहिलेला मजकूर साठविलाच जात नाही किंवा आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. हा प्रकार ज्या दिवशी उघडकीस येतो, तो दिवस नेमका संकटाचा असतो.

यावर उपाय सोपा आहे. नामांकित उत्पादकाचा ड्राइव्ह अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावा. अवास्तव स्वस्त मिळणारा मोठ्या क्षमतेचा ड्राइव्ह टाळावा. घरी आणल्यावर त्याची परीक्षा घ्यावी. विंडोजवर ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ आणि लिनक्सवर ‘एफ-थ्री’ ही विनामूल्य साधने संपूर्ण ड्राइव्ह मजकुराने भरतात, तो परत वाचतात आणि जेथे फरक आढळेल तेथे दोष दाखवितात. सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या ३२ जीबीच्या ड्राइव्हला भरण्यास पाऊण ते एक तास व वाचण्यास त्याहून थोडा वेळ लागेल. हा वेळ सार्थकी लागतो. परीक्षेपूर्वी ड्राइव्ह रिकामा असावा.

निमंत्रणपत्रिकेसोबत मिळालेला, एखाद्या समारंभात भेट आलेला किंवा वर्षानुवर्षे वापरून झिजलेला पेनड्राइव्ह या कामासाठी घेऊ नये. अगदी नखाएवढे लहान ड्राइव्ह सतत वापरात तापतात आणि सहज हरवतात. म्हणून हातात नीट धरता येईल अशा आकाराचा, टोपी सैल नसलेला व दोरी अडकविण्यास छिद्र असलेला ड्राइव्ह पसंत करावा. काही थोड्या ड्राइव्हना लेखन रोखणारी कळ असते. ती असल्यास उत्तमच, कारण दूषित संगणकाला लावला तरी त्यात विषाणू शिरू शकत नाही.

संगणकाची भाषा ओळखणे

चांगला पेनड्राइव्ह घेऊनही संगणक त्यावरून सुरू होत नाही, असा अनुभव अनेकांना येतो. याचे कारण बहुधा ड्राइव्हमध्ये नसून त्याच्या मांडणीत असते. संगणकाची कळ दाबल्याबरोबर प्रथम जागा होतो तो मदरबोर्डवरील एक लहान प्रोग्रॅम. जुन्या संगणकांत त्याला बायॉस म्हणतात, नव्यांत त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे. यूईएफआयला फॅट-३२ ही मांडणी निश्चित वाचता येते. म्हणून रिकव्हरी पेनड्राइव्ह त्याच मांडणीचा असतो. या मांडणीची एक मर्यादा आहे. तीत कोणतीही एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही. विंडोजची मूळ फाइल पुष्कळदा याहून मोठी असते. अधिकृत साधने ती दाबून लहान करतात किंवा तिचे तुकडे करतात. यास्तव फाइली हाताने ओढून पेनड्राइव्हवर टाकण्याचा खटाटोप न करता त्या त्या प्रणालीच्या अधिकृत साधनानेच ड्राइव्ह तयार करावा.

याच कारणाने ३२-बिट संगणकासाठी ६४-बिट संगणकावर केलेला रिकव्हरी ड्राइव्ह चालत नाही. शक्यतो ज्या संगणकासाठी ड्राइव्ह हवा, त्याच संगणकावर तो करावा. बॅकअप घेण्यासाठी एखादा स्वतंत्र प्रोग्रॅम वापरात असेल, तर रिकव्हरी पेनड्राइव्हही त्याच प्रोग्रॅममधून करावा. एकाने घेतलेली प्रत दुसऱ्याला बहुधा वाचता येत नाही. काही नव्या लॅपटॉपमध्ये डिस्कचा विशिष्ट ड्रायव्हर सोबत नसल्यास पेनड्राइव्हवरून सुरू झालेल्या संगणकाला स्वतःचीच डिस्क दिसत नाही. असा ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून अगोदर उतरवून पेनड्राइव्हमध्ये ठेवावा.

निर्मिती आणि परीक्षा

विंडोज १० व ११ मध्ये शोधचौकटीत ‘रिकव्हरी ड्राइव्ह’ असे शोधले असता हे साधन समोर येते. सिस्टिम फाइलींचाही समावेश करावा काय, असा प्रश्न विचारला जातो. त्याला होकार द्यावा. या क्रियेत पेनड्राइव्हवरील आधीचा सर्व मजकूर पुसला जातो, म्हणून त्यावर दुसरे काही ठेवलेले नसावे. काम संपेपर्यंत लॅपटॉप विजेला जोडलेला असावा. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. ज्यांच्याकडे अद्याप ती आवृत्ती आहे, त्यांना या दक्षतेची गरज अधिकच आहे.

पेनड्राइव्ह तयार झाला म्हणजे काम संपले, असे समजून बहुतेक जण तो कपाटात ठेवून देतात. वास्तविक खरे काम येथून पुढे सुरू होते. ज्या पेनड्राइव्हवरून संगणक एकदाही सुरू करून पाहिलेला नाही, तो रिकव्हरी पेनड्राइव्ह आहे असे म्हणताच येत नाही. आग विझविण्याचे सिलिंडर भिंतीवर टांगलेले असावे आणि त्यात दाब आहे की नाही हे कोणीच पाहिलेले नसावे, त्यातलाच हा प्रकार.

परीक्षा पुढीलप्रमाणे घ्यावी. संगणक बंद करून पेनड्राइव्ह लावावा. सुरू करताना बूटची यादी दाखविणारी कळ दाबावी. डेल व लेनोव्होच्या यंत्रांत ती बहुधा एफ-१२, एचपीच्या यंत्रांत एफ-९ असते. विंडोज सुरू असल्यास शिफ्टची कळ दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडले तरीही बाह्य उपकरणावरून सुरू होण्याचा पर्याय मिळतो. यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. दुरुस्तीचे पर्याय पडद्यावर आले, कीबोर्ड व माउस चालले आणि संगणकाची डिस्क दिसली, म्हणजे परीक्षा उत्तीर्ण झाली. डिस्क पुसणाऱ्या पर्यायांना हात न लावता संगणक बंद करावा. स्वतंत्र बॅकअप प्रोग्रॅम असल्यास बाह्य डिस्कही लावून राखीव प्रत यादीत दिसते की नाही ते पाहावे व तीतील एखादी लहान फाइल परत आणून उघडून पाहावी. जी कळ उपयोगी पडली, तिचे नाव कागदावर लिहून ठेवावे.

४८ अंकांची किल्ली

जुलै २०२४ च्या प्रसंगात अनेक ठिकाणी पेनड्राइव्ह तयार होता, माणूस यंत्रापाशी होता, तरीही काम अडले. कारण संगणकाची डिस्क बिटलॉकर या पद्धतीने कुलूपबंद होती आणि ते उघडण्याची ४८ अंकांची किल्ली हाताशी नव्हती. अनेक नव्या विंडोज संगणकांत हे कुलूप मालकाला फारशी कल्पना नसताना आपोआप लागलेले असते. ही किल्ली बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठविलेली असते, तर कार्यालयांत ती व्यवस्थापकाकडे असते. संगणक सुस्थितीत असतानाच ती शोधून कागदावर उतरवून घ्यावी आणि महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवावी. ती पेनड्राइव्हवर किंवा त्याला चिकटविलेल्या चिठ्ठीवर लिहू नये. किल्ली आणि कुलूप एकाच खिशात ठेवण्यासारखे ते होईल.

निगा

पेनड्राइव्हला एक लहान चिठ्ठी बांधावी. तिच्यावर संगणकाचे नाव, ड्राइव्ह केल्याची तारीख आणि बूटची कळ नोंदवावी. त्यावर अन्य फाइली ठेवू नयेत व तो रोजच्या देवाणघेवाणीसाठी वापरू नये. तो संगणकाला कायम लावून ठेवणेही धोक्याचे आहे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने जगभरच्या संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. असे विषाणू संगणकाला जोडलेल्या बाह्य डिस्क व पेनड्राइव्ह यांनाही सोडत नाहीत. वापर नसताना अलग ठेवलेली वस्तूच सुरक्षित राहते.

पेनड्राइव्ह कोरड्या, थंड जागी, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा. कोकणातील दमट हवेत जोडणीच्या धातूवर गंज चढण्याचा संभव असतो, तर विदर्भातील उन्हाळ्यात मोटारीच्या खणात ठेवलेला ड्राइव्ह अतिशय तापतो. शक्य झाल्यास असे दोन ड्राइव्ह करावेत आणि एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावा. २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे आलेल्या पुरांत घरांत व दुकानांत पाणी शिरून संसारोपयोगी वस्तूंबरोबर कागदपत्रांचीही हानी झाली. एकाच टेबलावर ठेवलेला संगणक, त्याची बाह्य डिस्क आणि पेनड्राइव्ह ही तिन्ही अशा पुरात एकदमच जातात. राखीव प्रतींविषयी जगभर मान्य असलेला नियमही हेच सांगतो : सामग्रीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी असावी.

विंडोजमध्ये वेळोवेळी सुधारणा होत असल्याने रिकव्हरी ड्राइव्ह वर्षातून एकदा नव्याने करावा, अशी मायक्रोसॉफ्टची शिफारस आहे. यासाठी एखादा ठरावीक दिवस नेमावा. ३१ मार्च हा दिवस २०११ पासून जागतिक बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तोच आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस होय. हिशेबाच्या धांदलीत या कामाला सवड होणार नसेल, तर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, वर्षाचे हिशेब मिटल्यावर, ते करणे सर्वांना सोयीचे होईल. त्या वेळी जुना ड्राइव्ह तपासावा, नवा करावा, त्यावरून संगणक सुरू करून पाहावा आणि चिठ्ठीवरील तारीख बदलावी.

सारांश

खरेदीस जाताना वाचकांनी पुढील बाबी ध्यानी ठेवाव्यात :

१. क्षमता ३२ जीबी. त्याहून मोठ्या ड्राइव्हची आवश्यकता नाही.

२. यूएसबी तिसरी आवृत्ती. जोडणीचे टोक आपल्या यंत्राच्या खाचेला जुळणारे.

३. नामांकित उत्पादक, अधिकृत विक्रेता व पावती. खरेदीनंतर क्षमतेची परीक्षा.

४. हातात धरण्याजोगा आकार. मिळाल्यास लेखन रोखणारी कळ.

५. ड्राइव्ह केवळ याच कामासाठी राखीव. फाइलींची राखीव प्रत स्वतंत्र डिस्कवर.

६. त्याच यंत्रावर, अधिकृत साधनाने निर्मिती आणि प्रत्यक्ष सुरू करून परीक्षा.

७. बिटलॉकरची ४८ अंकी किल्ली कागदावर, वेगळ्या जागी.

८. वर्षातून एकदा नूतनीकरण.

या सर्व कामाला एक साधा पेनड्राइव्ह आणि सुटीच्या दिवसाची एक दुपार एवढेच लागते. मोठ्या संस्थांकडे संगणकाची देखभाल करणारे तज्ज्ञ असतात. खेड्यातील सेवाकेंद्र चालविणारा तरुण, लहान दुकानदार, शाळेचे मुख्याध्यापक किंवा घरातील विद्यार्थी यांना ही सोय नसते. त्यांचा संगणक बंद पडला तर तालुक्याच्या गावी जाऊन दुरुस्ती होईपर्यंत दिवसच्या दिवस जातात आणि पुष्कळदा यंत्र दुरुस्त होऊन येते, पण त्यातील सामग्री पुसली गेलेली असते. अशा प्रसंगी डबीतून काढलेला, तारीख घातलेला व तपासून ठेवलेला एक पेनड्राइव्ह आणि वेगळी ठेवलेली राखीव प्रत यांच्या बळावर त्याच दिवशी काम पुन्हा सुरू करता येते. यासाठी मोठ्या ज्ञानाची नव्हे, तर थोड्या शिस्तीची आवश्यकता आहे. आपला संगणक आज सुस्थितीत आहे, हीच हे काम हाती घेण्यास योग्य वेळ होय.